दुसऱ्यांदा कोण दिसलं?

दादा,

टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत. काल कॉलेजच्या लायब्ररीतून निघाले तेव्हा रिक्षातून दिसले आणि मी घाबरले. तशी दरवर्षीच घाबरते. पण दरवर्षी मी डोंबिवलीला घरी पोचल्या पोचल्या तुला सांगायचे, ‘बांबू पडले रे,’ आणि तू म्हणायचास, ‘झालं! भागूबाईंचं नवरात्र सुरू. आता दसऱ्यापर्यंत हिला कडी लावून आत ठेवा.’ काल मी दारात चप्पल काढली, तोंड उघडलं, आणि समोर तुझ्या कॉटवर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा. आई म्हणाली, ‘काय गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, पाणी दे.’

भेटायला येणारी माणसं मला म्हणतात, आता तूच धीराची. मला! घरात पाल दिसली तर जिला समोरच्यांची बेल वाजवावी लागते, तिला. तू असतास तर पोट धरून हसला असतास. भित्री भागूबाई हे नाव तूच ठेवलंस. पुढे त्यातलं भित्री गळालं, बाई गळाली, नुसती भागू राहिली. शाळेच्या दाखल्यावर विद्या आहे हे मीसुद्धा विसरायचे. पण भित्री गळालं ते फक्त नावातून. मी तेव्हाही घाबरायचे, आताही घाबरते. फरक एवढाच, की आता घाबरले की बघायला तू नाहीस, आणि कोणी बघत नसताना वाटणारी भीती फार वेगळी असते रे. ती संपायचं नाव घेत नाही.

आणि ही भीती पालीची नाही. ती तुला ठाऊक आहे. त्यावरूनच आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तुला बरं करणारं काहीतरी इंटरनेटवर कुठल्यातरी पानावर लिहिलेलं होतं आणि मला ते दिसलं नाही, असं तर नसेल? लोक म्हणतात, असलं मनात आणू नकोस. त्यांना काय जातं म्हणायला. इंटरनेट केवढं आहे याचा अंदाज त्यांनी कधी काढलेला नाही. तू काढलास, आणि मला सांगितलास.

तुला आठवतं का, हा अंदाज काढायची तुझी रीत मी पहिल्यांदा कुठे बघितली? त्याच नाक्यावर. आपण ठाण्यात राहायचो तेव्हाची गोष्ट. मी दुसरीत, तू सहावीत. देवीला जाताना आईचा एक नेम असायचा. गर्दीत शिरायच्या आधी ती आपल्याला भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभं करायची आणि बजावायची, ‘चुकामूक झाली तर इथे यायचं. इथे आलात की जागचं हलायचं नाही. बाकीच्यांनी शोधायचं.’ त्या संध्याकाळी तिचा पदर माझ्या हातातून कधी सुटला मला कळलंच नाही. वर बघितलं तर भलतीच साडी. तुझा हात तेवढा हातात होता. आपण दुकान शोधायला गेलो तर दुकानच सापडेना. दिवसा बघितलेलं सगळं दिव्यांच्या माळांनी झाकून गेलेलं.

मी भोकाड पसरलं. मला वाटलं, ही गर्दी पुढेही अशीच आहे, त्याच्याही पुढे अशीच आहे, आणि आई तिच्यात विरघळली. तू खाली वाकलास आणि म्हणालास, ‘भागू, रडू नको. गर्दी किती आहे ते काढू या.’ मला चार जण पाठ करायला लावलेस. गॉगल लावलेला टकलू. हिरव्या साडीतली, कडेवर रडकं पोर घेतलेली बाई. पिपाण्या विकणारा. हाताला प्लास्टर बांधलेला मुलगा. मग माझा हात धरून तू फिरायला लागलास. ‘दुसऱ्यांदा कोण दिसलं ते सांगायचं हां. परत परत तीच माणसं दिसली तर गर्दी छोटी. कोणीच दिसलं नाही तर मोठी.’

एक फेरी झाली. ‘दुसऱ्यांदा कोण दिसलं?’ कोणी नाही. आणखी एक झाली. कोणी नाही. तुझा हात घामेजला होता ते मला आठवतं. घाबरायचं काम माझ्याकडे असल्यामुळे तू कधी घाबरत असशील असं मला वाटलंच नव्हतं. आणि मग उसाच्या रसाच्या गाडीपाशी तो गॉगलवाला टकलू उभा! तू एवढ्या जोरात ओरडलास, ‘दिसला!’ की तो बिचारा दचकून मागे बघायला लागला. ‘दिसला ना दुसऱ्यांदा? म्हणजे गर्दी संपते, भागू. आई यातच आहे.’

आई सापडली ती त्याच पायरीवर. आपण तिच्यासमोरून दोनदा गेलो होतो. मांडवाच्या खांबाने पायरी झाकली होती, म्हणून ना आपल्याला ती दिसली, ना तिला आपण. तिने मला उचललं आणि तुझ्या पाठीत धपाटा घातला. ‘जागचं हलू नको सांगितलं होतं ना? हललास का?’ तू म्हणालास, ‘उभा राहिलो असतो तर हिला इथेच फेफरं आलं असतं.’ कोणी हलायचं आणि कोणी उभं राहायचं यावर तुमचं दोघांचं पुढे कायम वाजत राहिलं. घर बदललं, डोंबिवलीला आलो, बाबा गेले, तरी नवरात्र आलं की हा वाद निघायचाच.

मोठेपणी तू वागळे इस्टेटमध्ये स्क्रूच्या कारखान्यात लागलास आणि तेच करायला लागलास. खोक्यात हात घालायचा, मूठभर स्क्रू काढायचे, त्यावरून खोक्याचं भवितव्य सांगायचं. मी लायब्ररीत. माझ्याकडे प्रत्येक पुस्तकाला नंबर, प्रत्येकाची जागा ठरलेली. मी तुला म्हणायचे, ‘मुठीवरून अख्ख्या खोक्याचं कसं काय सांगतोस? बाकीचे न बघता?’ तू म्हणायचास, ‘आणि तू सगळं बघतेस? तुझ्या लायब्ररीतल्या उंदरांना काय नंबर दिलायस?’ आपण असे वेगवेगळे होतो, आणि सुखात होतो.

मग एके दिवशी मुठीतले स्क्रू खाली सांडले. दुसऱ्या दिवशीही सांडले. तू घरी येऊन हसत सांगितलंस, ‘लोणी लागलंय वाटतं हाताला.’ आई हसली. मी हसले नाही. तुझा अंगठा शर्टाच्या बटणाशी झटत होता ते मी बघितलं होतं.

डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते मी इथेही लिहिणार नाही. आईने ते पहिल्याच दिवसापासून घरात येऊ दिलं नाही. तिच्या कोकणात तिन्हीसांजेनंतर सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. नाव घेतलं की येतं. तसं तुझ्या आजाराला आपण ‘ते’ म्हणायला लागलो. ‘आज ते कसं आहे?’ ‘ते आता पायात उतरलंय.’ डॉक्टर म्हणाले, औषध नाही. सरळ म्हणाले, टेबलावरचा पेन उचलावा तितक्या सहज. मला त्या पेनचा राग आला.

पण मी लायब्ररीवाली. औषध नाही म्हणजे काय? नोंद सापडली नाही असं म्हणा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी म्हात्रेने तेव्हा सायबर कॅफे उघडला होता. जिथे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं तिथे आता इमारती, आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर चार कॉम्प्युटर आणि एक भला मोठा गणपतीचा फोटो. कॉलेज सुटलं की मी तिथे. मोडेम जोडताना तो जो आवाज यायचा, कोणीतरी झोपेत दात खाल्ल्यासारखा, त्याची मला रोज भीती वाटायची. मी त्या आजाराचं नाव इंग्रजीत टाइप करायचे. तोंडाने घ्यायचं नाही ते नाव बोटांनी घ्यायचं, म्हणून आधी बोटं कपाळाला लावायचे. म्हात्रे लांबून बघायचा. पहिल्या आठवड्यातच त्याने विचारलं, ‘ताय, कोन आजारी हाय घरी?’ मी म्हटलं, भाऊ. त्यानंतर त्याने मला कधी उठवलं नाही. लाइन गेली की म्हणायचा, ‘येल आता. च्या घे तवर.’

पानं उघडत राहायची. एकाच्या पोटात दुसरं, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. शेवटचं पान कुठे आहे? लायब्ररीत भिंत असते रे. शेवटचं कपाट असतं, त्याच्यापुढे खिडकी असते. इथे भिंतच नव्हती. मला पुन्हा सात वर्षांची झाल्यासारखं वाटायला लागलं. एकदा घरी येऊन तुला तसं म्हणाले आणि रडले. तेव्हा तुझे हात मांडीवर पडलेले असायचे, नुसते ठेवल्यासारखे. तू म्हणालास, ‘भागू, रडू नको. गर्दी किती आहे ते काढू या.’

त्या दिवशी मला तुझा किती आधार वाटला हे मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं नाही म्हणत मी, तुला कळलंच असणार. पण आता लिहून ठेवते.

रीत तीच. शोधून देणारी सर्च इंजिनं तेव्हा बरीच झाली होती, आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेने गर्दीत फिरून पानं पाठ करायचा. तू म्हणालास, ‘एकच शब्द दोघांना विचार. दोघांनी दाखवलेली पानं लिहून आण. मग बघू, दुसऱ्यांदा कोण दिसतं.’ दोघांची बरीच पानं सारखी निघाली तर त्यांनी मिळून बहुतेक इंटरनेट बघितलंय. नाही निघाली, तर दोघांनाही न दिसलेलं पुष्कळ काही बाहेर आहे. मी लायब्ररीतली रद्द झालेली कार्डं आणली. एका कार्डावर एक पान, नाव आणि पत्ता. पहिल्या इंजिनाची कार्डं निळ्या शाईत, दुसऱ्याची लाल.

आणि मग आपल्या घरात सुरू झाला तो झब्बू! जेवणं झाली की ताटं बाजूला आणि टेबलावर कार्डं. तुला हात उचलता येत नव्हता, म्हणून तू नुसतं मानेने दाखवायचास, ‘ते, त्याच्या खालचं, जोडी.’ आईला इंग्रजी येत नाही, पण तिने विणकामाचे नमुने वर्षानुवर्षं बघितलेले; ती अक्षरांच्या आकारावरून जोड्या लावायची. ‘हे बघ, ह्याचीही शेपटी खाली आणि ह्याचीही. दोन डोळे इथे, दोन डोळे तिथे. लावा जोडी.’ नुसत्या आजाराच्या नावावर तुझं भागेना. ‘अख्खं इंटरनेट काढायचं तर मूठ सगळीकडून भरायला हवी,’ म्हणून तू मला रोज वेगळा शब्द द्यायचास. छत्री. पेरू. शिवणयंत्र. आजोबा. म्हात्रे माझ्या मागे उभा राहून बघायचा, ताई आज पेरू शोधतेय, आणि काही न बोलता निघून जायचा.

जोड्या लागत नव्हत्या. तेच तर भयंकर होतं. लाल-निळ्या कार्डांचा ढीग, आणि त्यात दोन-तीन जोड्या. तू आधी हसायचास, ‘बाप रे, मोठी जत्रा आहे.’ नंतर हसायचा थांबलास. पुढे तर तू म्हणालास, ‘आणि हेसुद्धा कमीच आहे, भागू. जो सारखा फिरतो, ज्याला चार लोक ओळखतात, तो दोघांनाही दिसतो. कोपऱ्यात गप उभा असलेला कोणालाच दिसत नाही. ज्या पानाचा पत्ता कोणी कोणाला दिला नाही ते आपल्या कार्डांत येणारच नाही. आपण काढतोय तो आकडा म्हणजे कमीत कमी.’ मी विचारलं, ‘मग जास्तीत जास्त?’ तू खांदे उडवायचा प्रयत्न केलास आणि ते उडले नाहीत.

आईने मात्र यातलं एवढंच ऐकलं होतं की जोड्या जास्त लागल्या की गर्दी छोटी होते. मग तिने काय केलं? खोट्या जोड्या लावायला लागली! निळं एक उचलायची, लाल एक उचलायची, दाबून एकत्र ठेवायची आणि म्हणायची, ‘लागली.’ मी म्हटलं, ‘आई, ही जोडी नाही. हे पेरूचं आहे, ते शिवणयंत्राचं.’ ‘असू दे की. तुला काय करायचंय? लागली म्हटलं ना.’ मी तुझ्याकडे बघितलं. तू तिच्याकडे बघत होतास. मग म्हणालास, ‘बरोबर आहे आईचं. लिही, भागू.’ त्या रात्रीपासून आपण दोन अंदाज ठेवायचो, आपला एक आणि आईचा एक. आईच्या हिशेबाने अख्खं इंटरनेट डोंबिवली पूर्वेत मावत होतं, आणि तू तिला रोज तो अंदाज वाचून दाखवायचास. ती समाधानाने ताटं उचलून आत जायची. आपला आकडा तू फक्त मला सांगायचास, हळू. तो मी कोणाला सांगितलेला नाही. त्यालाही मी ‘ते’च म्हणते.

एकदा तू हट्ट केलास, मला बघायचंय. म्हात्रे आणि त्याचा भाऊ येऊन तुला खुर्चीसकट उचलून घेऊन गेले. आणि तिथे काय विचारलंस तू? ‘टेंभी नाका टाक.’ मी टाकलं. एकही पान आलं नाही. तू एवढा हसलास की तुला ठसका लागला. ‘बघ! तिथे आपण हरवूच शकत नाही. तिथे अजून आपण पोचलोच नाही.’ म्हात्रे पण हसला. मला मात्र भीती वाटली. एवढी अफाट गर्दी, आणि तिच्यात आपलं असं एक माणूस नाही. कोणाला विचारायचं?

भांडण त्यानंतरच्या रविवारचं. तू म्हणालास, ‘भागू, आता थांब. आकडा बघितलास ना? एका माणसाचं काम नाही ते. आयुष्य जाईल.’ मी म्हटलं, ‘आकडा बघितला म्हणूनच. एवढं न बघितलेलं शिल्लक आहे, त्यात काहीच नसेल हे तू कशावरून सांगतोस?’ ‘मुठीवरून.’ ‘मुठीवरून स्क्रूचं सांग, माझ्या भावाचं नको.’ तुझा आवाज तेव्हा बारीक झाला होता, तरी तू ओरडलास. ‘मला तुझं शोधणं नकोय गं, तू हवीयस! संध्याकाळी समोर बसून बोलायला कोणी नसतं.’ आणि मी बोलून गेले ते खरंच होतं, दादा. ‘मला इथे बसवत नाही. इथे बसलं की तुझे हात दिसतात.’

तू म्हणालास, ‘मला तर ते सारखेच दिसतात.’

आई उठून देवापाशी गेली. एकच आकडा होता, तू त्यातून थांब म्हणालास, मी त्यातून शोध म्हणाले. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण संपलं नाही. पुढे मी एक दिवस कॅफेत जायचे, एक दिवस तुझ्यासमोर बसायचे. दोन्हीकडे जीव अर्धा.

एक पान मात्र सारखं भेटायचं. आजाराचं नाव कसंही फिरवून टाकलं तरी ते यायचंच, निळ्यातही आणि लालमध्येही. दूरदेशीचा एक म्हातारा, बायकोला ‘ते’ झालेलं, तिच्याबद्दल लिहायचा. आज ती इतकं जेवली, आज अंगणात बसली, टोमॅटो लागले. तू त्याचं नाव टकलू ठेवलंस. मी त्याचं लिहिलेलं मराठीत सांगायचे आणि तू ऐकायचास. ‘काय म्हणतो टकलू?’ हा तुझा रोजचा प्रश्न झाला. डॉक्टरांच्या पानांपेक्षा आपल्याला तो आवडायचा, कारण तो दुसऱ्यांदा दिसायचा.

श्रावणात एकदा तू विचारलंस, ‘काय म्हणतो टकलू?’ मी म्हटलं, ‘काही नवीन लिहिलेलं नाही.’ नंतर विचारलंस, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा तू म्हणालास, ‘काही नवीन नाही म्हणजे संपलं गं.’ मला ते आधीच कळलं होतं, पण तू म्हणालास तेव्हा ते खोलीत आलं. तू पंख्याकडे बघितलंस. मग म्हणालास, ‘पण पान जागेवर आहे ना अजून?’ मी मान हलवली. ‘झालं तर. उभा आहे म्हण की बिचारा. हलला नाही.’ आणि मग, अगदी सहज, देवीला जायच्या आधी आई विचारायची तसं, ‘भागू, आपली चुकामूक झाली तर तू कुठे उभी राहशील?’

मी चिडले. ‘असलं काही बोलायचं नाही,’ म्हणाले आणि कुकर बंद करायला आत गेले. कुकरच्या अजून शिट्ट्या व्हायच्या होत्या. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस.

तू गेलास त्या दुपारबद्दल मी लिहिणार नाही. श्वासालाही स्नायू लागतात, एवढंच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आई आणि मी दोघी जवळ होतो. तुझ्या डोळ्यांत भीती होती. सगळे म्हणतात शांत होता, पण मी भीतीतली तज्ज्ञ आहे, मला कोण फसवणार. तुझा हात माझ्या हातात होता आणि तो त्या नाक्यावरच्यासारखाच घामेजलेला होता.

म्हात्रे येऊन गेला. दारातच बसला, आत येईना. म्हणाला, ‘भाव लय भारी मानूस. मना बोल्लेला, म्हात्रे, तुझ्या दुकानात काय काय हाय त्याचा अंदाज मी लावतू. येत जा ताय. शोधू नको काय. नुसती येऊन बस.’ मी एकदा जाऊन बसले. बोटं आपोआप कपाळाला लागली, तेच नाव टाकलं. टकलू आला. खाली उतरत गेले तर कधी न बघितलेली पानं आली. तू गेल्यानंतरसुद्धा! नवी पानं, नवे पत्ते. मला एवढी भीती वाटली की मी पैसे द्यायचे विसरून रस्त्यावर आले. यातल्या एखाद्यावर असेल का? काल असेल, परवा येईल? तुझ्या आकड्याने ही भीती माझ्या घरात कायमची आणून बसवली आहे, आणि त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे. आणि त्याच आकड्यामुळे आपण तिघं रोज टेबलाभोवती बसलो, आई खोटं खेळली, तू हसलास. ते कुठल्या आजाराने दिलं असतं?

आता रात्री डोळे मिटले की वेगळाच हिशेब सुरू होतो. तू गेलास तिथेही गर्दीच असणार. आजवर गेलेले सगळे. बाबा त्यात कुठे असतील, तू त्यांना कसा शोधशील, मी आले तर तुला कशी शोधेन? माझा हात धरून फिरवायला कोण आहे? या विचाराने मी उठून बसते. दिवा लावते. आई पलीकडून म्हणते, ‘घाबरलीस का?’ मी हो म्हणते. ती म्हणते, ‘मीपण.’ हे उत्तर तिने मला आयुष्यात पहिल्यांदा दिलंय.

यंदा आपल्याकडे सण नाही. तरी आज दुपारी आई म्हणाली, ‘चल, जाऊन येऊ. देवी बसायच्या आत.’ कुठे ते मी विचारलं नाही. नाक्यावर मांडवाचे खांब उभे राहत होते, वर चढलेले लोक एकमेकांना हाका मारत होते. भांड्यांचं दुकान आहे अजून. मालक बदललाय, पायरी तीच. आई पायरीवर चढली आणि उभी राहिली. मी तिच्याशेजारी, माझ्या समोर एक नवा खांब. दुकानदाराने विचारलं, ‘काय दाखवू, मावशी?’ आई म्हणाली, ‘काही नको. वाट बघतोय.’ त्याने बिचाऱ्याने एक स्टूल आणून दिलं. ती बसली नाही.

बराच वेळ आम्ही तशाच. लोक जात होते, येत होते. मी चेहरे पाठ करत होते की काय कोण जाणे. मग आईने माझं कोपर धरलं आणि ओढलं.

‘पुढे हो जरा. मागच्या वेळी मी खांबामागे राहिले, म्हणून तुम्हाला दिसले नाही.’

तू विचारलं होतंस, दादा. उत्तर राहिलं होतं. मी खांबाच्या पुढे आले. या वेळी फिरायचं ते तू. मला फार भीती वाटतेय, पण मी पायरीवर आहे, आणि हललेली नाही.